हे कशाचं इंजेक्शन?

"हे कशाचं?" माझ्या हातातली गोळी चिमटीत धरून, खिडकीशी नेऊन त्या बाई विचारायच्या. मी नाव सांगायचे. मग त्या पाकीट वाचायच्या, आणि तरीही माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायच्या. असं बघणारं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण काही केलेलं नसतं, तरी चोरी पकडली गेल्यासारखं वाटतं.

मी कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना घरी जाऊन बघणारी नर्स. हुडकेश्वरच्या त्या घरात बाईंचे यजमान अंथरुणाला खिळलेले. बाईंचा दूधवाल्यावर, मोलकरणीवर, डॉक्टरांवर, कुणावरच विश्वास नव्हता. "काय वं पोरी, हात धुतले का?" हे माझं स्वागत. हात दाखवले की मात्र आलं घातलेला चहा यायचा.

एका सोमवारी यजमानांना भ्रम झाला. "ही बाई माह्या घरात काहून घुसली? विष देऊन राहिली मले!" बायकोकडे बोट दाखवून ते ओरडले. तिनं भरवलेली पेज थुंकून टाकली. बाई वाटी धरून भिंतीशी उभ्या राहिल्या. त्यांची नजर खाली गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

डॉक्टर आले. लघवी तुंबली आहे का, एखाद्या औषधाचा त्रास आहे का, तपासलं. एक गोळी बंद केली, चष्मा लावून दिला, टीव्ही बंद करायला लावला. मग बाईंना म्हणाले, "यातून ते पूर्ण भानावर येतील असं वाटत नाही. औषधानं शांत करता येईल, पण गुंगी राहील. तुम्हाला काय हवं?"

"जागे पाहिजेत. शिव्या देऊ द्या. मले एकडाव ओळखलं पाहिजे." मग माझ्याकडे वळून, "झोपवून मोकळे होऊन राहिले का तुम्ही?"

इंजेक्शन माझ्या बॅगेतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर यजमान उशी छातीशी धरून थरथरत होते. बायको जवळ गेली की हात जोडायचे, "मारू नका, बाई." ती मागे सरली की थोडे निवायचे.

बाई मला बाहेर ओट्यावर घेऊन आल्या.

"माह्यासाठीच जागं ठेवलं न मी त्याईले?"

बाईंनी दारातून आत यजमानांकडे पाहिलं.

"नाही ओळखलं तं नाही. त्याईचं भ्या जाऊ दे. दे इंजेक्शन."

डॉक्टरांना फोन करून मी अगदी थोडं औषध दिलं. संध्याकाळी यजमानांनी डोळे उघडले. बायकोकडे शांतपणे पाहिलं. "बाई, उभ्या काहून? बसा न."

बाई बसल्या. त्यांनी दिलेलं दोन चमचे पाणी ते प्याले. तिसऱ्या दिवशी यजमान गेले, तेव्हाही त्या शेजारीच होत्या.

बाई आता कन्हानला लेकीकडे असतात. त्या निघण्याआधी मी भेटायला गेले, तर म्हणाल्या, "चाळीस वर्षांत त्याईनं मले कधी 'बसा' म्हटलं नव्हतं." आणि हसल्या. मग पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, त्यामुळे बराच वेळ मला त्या हसतच आहेत असं वाटलं.