चावीची चिंधी

सुंदराआत्या गेली, असा शेजारच्या गोदाकाकूच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी अंबाजोगाईत शाळेवर होतो. लाज वाटते सांगायला, पण रडू यायच्या आधी तोंडातून निघालं, “चाव्या कुठंयत?”

“उशाशीच हायत, भाऊ. कुणी हात लावला न्हाई.”

शिरूर कासारजवळच्या आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. जाताना चावी आत्याकडं, तिच्या उशाजवळच्या खुंटीवर. लहानपणी देवीच्या साथीत तिचे डोळे गेलेले. म्हणून रीत अशी, की चावीला त्याच घरातल्या जुन्या कपड्याची चिंधी बांधायची. लुगडं, धोतर, लेकराचं झबलं... आत्या बोटांनी चाचपायची अन् घरधन्याचं नाव सांगायची. कधी चुकली नाही. तिच्या स्वतःच्या घराला मात्र कुलूप नसायचं. “मी हाय की दारात बसलेली,” म्हणायची.

मी आत्याजवळच वाढलो, कॉलेजात गेलो अन् शहाणा झालो. सुट्टीत आलो, तर त्या तेलकट चिंध्या बघून मला कसंसंच झालं. आत्या दळणाला गेली होती. मी सगळ्या चिंध्या सोडून उकिरड्यावर फेकल्या, चाव्या एका स्टीलच्या कड्यात ओवल्या, त्यांवर रंगानं आकडे घातले अन् वहीत यादी केली. आंधळ्या बाईसाठी आकडे! काय म्हणावं या अकलेला! आत्या आली. कड्यावरून बोटं फिरवली. मग म्हणाली, “लई चकचकीत असंल, न्हाई?”

तेवढ्यात तिला धुराचा वास आला.

गोदाकाकूला विसर पडायचा, कुठंही निघून जायची. त्यामुळं सून पाण्याला जाताना बाहेरून कुलूप लावायची. दुसरी चावी आत्याकडं. आम्ही धावलो. दाराच्या फटीतून धूर येत होता, आतून काकूचा खोकला. वहीत आकडा सापडला, पण ओला रंग सगळ्या चाव्यांना फासला गेला होता. एक चावी लावली, दुसरी लावली...

“दे इकडं,” आत्या म्हणाली. ती एकेका चावीचे दात चाचपत होती अन् दाराशी तोंड नेऊन बोलत होती, “गोदे, खाली बस. भुईला नाक लाव. बोलत ऱ्हा माझ्यासंगं.” आतला आवाज थांबला. दोन चाव्या चुकल्या. तिसरीनं कुलूप निघालं.

मी पाऊल टाकलं, तर तिनं मला मागं ओढलं. “धुरात तुला काय दिसणार हाय? मला सवय हाय.” अन् आत गेली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून नुसता ओरडत होतो. ती काकूला बखोटीला धरून ओढत बाहेर आली, तेव्हा तिच्या पदराला भोकं पडली होती. काकू वाचली.

सून धावत आली. “इतका उशीर कावून झाला, आत्या?”

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, “माझ्याच बोटांनी घोळ केला, बाई.”

मी गप्प बसलो. आंधळीच्या हाती चाव्या कशाला, असं लोक बोलू लागले. त्या साली चार घरांनी चाव्या परत नेल्या. ती रिकामी खुंटी चाचपायची, ते मी बघायचो, तरी बोललो नाही. मला फक्त एवढंच म्हणाली होती, “उकिरड्यावरनं चिंध्या घेऊन ये.” धुऊन, चाचपून, चाव्या दारोदार लावून बघून, पुन्हा जिथल्या तिथं बांधल्या तिनं. ते कडं काय केलं, मी विचारलं नाही. दोन वर्षांनी ती चार घरं परत आली.

तेराव्याला मी गोदाकाकूच्या सुनेला सगळं सांगितलं. ती डोळ्याला पदर लावून घरी गेली.

निघताना आत्याचं दार पहिल्यांदाच बंद करायचं होतं. कुलूप शोधत दारामागं हात घातला, तर जुन्या कुलपाशेजारी हाताला गार लागलं. तेच कडं. त्यात एकच चावी, आत्याच्या घराची. तिला चिंधी बांधलेली होती, माझ्या शाळेच्या खाकी चड्डीची.