वास गेला का गो?

शुद्ध शाकाहारी घरात बसून सबंध आळीला मासळीबाजाराचा अनुभव देणारा माणूस रत्नागिरीत एकच असेल, आणि तो नेमका माझा मामेसासरा आहे. मामा एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झाले, पण रसायनं काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाहीत. घरामागच्या चिऱ्याच्या खोलीत पूर्वी आंब्याची अढी लागायची, आता काचेचे फ्लास्क लागतात. ध्यास एकच. पावसाळ्यात विहिरीचं पाणी तांबड्या मातीने लालेलाल होतं, ते घरी केलेल्या पॉलिमरने निवळून दाखवायचं. गाळाच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून पॉलिमर धनभारित हवा, मग तो गाळाला धरून तळाशी बसतो, हे आळीतल्या प्रत्येकाने त्यांच्याकडून ऐकलेलं आहे, पोस्टमननेसुद्धा. "उभ्या जन्मात यांनी धन जमवलं ते एवढंच," असं मामी म्हणते, आणि मामांना ती स्तुती वाटते.

असले पॉलिमर बाजारात तयार मिळतात, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "पुरणपोळीही मिळते, जावईबापू," मामा म्हणाले, आणि विषय संपला.

पॉलिमरचा कच्चा माल म्हणजे मोनोमर, तो मामांकडे दोन द्रवांपासून होतो. एक डोळ्यांना असा झोंबतो की कांदा परवडला. दुसरा अमाइन, त्याला कुजक्या बांगड्याचा वास. दोघांचं नीट जमलं की धनभार असलेलं पांढरं, बिनवासाचं मीठ तयार होतं. वास गेला की समजायचं, मोनोमर झाला. मग तो पाण्यात विरघळवून, आतली हवा हाकलून ऊब दिली की त्याच्या लांबच लांब साखळ्या होतात आणि फ्लास्कमध्ये पाकासारखा दाटपणा येतो. वास उरला तर सगळं मुसळ केरात. पंचाईत एवढीच की कारखान्यात उमेदीची वर्षं घालवताना मामांचं नाक कायमचं गेलेलं. त्यामुळे त्यांच्या प्रयोगशाळेतलं सर्वांत नाजूक उपकरण म्हणजे मामी. "अगो, गेला का वास?" अशी हाक आली की ती हातातलं लाटणं घेऊन तशीच दाराशी यायची, लांबूनच हुंगायची आणि सांगायची, "आहे हो अजून. ढवळत बसा."

पुढे कुंपणावर मांजरं बसायला लागली. एकदा मासळीवाली फाटकाशी थांबून फणकाऱ्याने म्हणाली, "आमाला सोडून कोणाकडनं घेतास गो वयनी?" तेही मामीने हसण्यावारी नेलं. पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका नाकाला पदर लावून आल्या आणि पन्ह्याला तोंड न लावता उठल्या, तेव्हा तिने पिशवी भरली. "मी पुण्याला लेकीकडे जात्ये. तुम्ही आणि तुमचा वास सुखाने नांदा."

मग नाकाच्या जागी माझी नेमणूक झाली. पण हुंगून हुंगून माझं नाक बधिर झालं, मी "गेला" म्हणालो, आणि पाकाऐवजी पाणीच हाती आलं. मामांनी मामीला व्हिडिओ कॉल लावला आणि फ्लास्क मोबाइलपुढे धरला.

"येतोय का गो?"

"अहो, फोनातून वास येतो का कधी?"

"मग तूच ये की," मामा म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. पलीकडून फोन बंद झाला.

दोन दिवसांनी मामी एसटीतून उतरली. अंघोळ करून, केसांत गजरा माळून मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मी तिथेच होतो. मामा फ्लास्कवर वाकलेले, चष्म्यावर वाफ धरलेली. मान वर न करताच म्हणाले, "आलीस?"

"आल्ये. गजऱ्याचा वास येतोय का?"

"येतोय तर! घमघमाट सुटलाय नुसता," मामा घाईघाईने म्हणाले.

मामीच्या केसांत अबोली होती. अबोलीला वास नसतो, हे मामी बोलली नाही. पदर खोचून ती पुढे आली, फ्लास्कवर वाकली आणि म्हणाली, "तुमचा मात्र आहे हो अजून. ढवळत बसा, मी थांबत्ये."