हेगडे सरांच्या घरचं पिठलं

बेंगळुरात मला ॲडमिशन कशी मिळाली, असं कुणी विचारलं की मी आधी इकडंतिकडं बघतो. बायको जवळपास असली तर विषय बदलतो. तिला वाटतं मी मार्कांवर आलो. मार्कांवरच आलो हो, खोटं नाही सांगत. पण त्याच्या आदल्या दिवशी मी जे काही शेण खाल्लंय ना, ते आज तुम्हालाच सांगतो. चहा गार झाला तर झाला.

मी मूळचा निपाणीचा. बेळगावात बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं, विषय सांख्यिकी. आमच्या कॉलेजात तो विषय शिकवणारे एकच सर. ते रिटायर झाले आणि विषयच बंद पडला. आता काय करायचं? एक तर दुसरा विषय घेऊन परत पहिल्यापासून, नाहीतर आमच्या वडलांच्या, म्हणजे अण्णांच्या खताच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं.

तेवढ्यात कळलं, बेंगळुरातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला बाहेरची पोरं घेतात. कुणी सोडून गेलं तर. त्या वर्षी एकच पोरगा सोडून गेलेला. जागा एक आणि अर्ज करणारे जत्रेएवढे. लेखी परीक्षा झाली, माझं नाव मुलाखतीला लागलं, आणि अण्णांनी सूत्रं हातात घेतली.

"मुलाखतीला तीन जण बसणार. त्यातले हेगडे सर मुख्य," अण्णा म्हणाले. "आदल्या दिवशी घरी जा. पाया पड. मिठाई म्हणून आपला कुंदा ने. तिकडं ओळखीचं कोण सापडतंय बघतो, फोन करवतो."

"अण्णा, बेंगळुरात असलं चालतं का?"

"माणसं सगळीकडं सारखीच असतात रे."

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. सरांच्या घरी गेलं की नुसतं बसायचं नसतं. दळण आणायचं, सिलिंडर उचलायचा, बाईंनी सांगितलं तर लसूण सोलायचा. आमच्या बेळगावच्या सरांच्या घराला तर मी रंगसुद्धा दिलाय.

तर मी कुंद्याचा डबा घेऊन बेळ्ळंदूरला सरांच्या सोसायटीत पोचलो. चांगले कपडे मुलाखतीसाठी राखून ठेवलेले, म्हणून अंगात साधा शर्ट आणि पायात चपला. गेटवरच्या वॉचमनला म्हटलं, हेगडे सरांकडे जायचंय. त्यानं माझा फोटो काढून वर पाठवला आणि फोन लावला. पलीकडून बाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "केव्हाची वाट बघतेय. पाठवा लगेच."

मी तर हवेतच. म्हटलं, अण्णांचा हात कुठवर पोचलाय बघा.

दार हेगडे सरांच्या बायकोनं उघडलं. धारवाडकडच्या. आमचं बोलणं सगळं कन्नडात झालं, मी आपलं मराठीत सांगतो. मी वाकून नमस्कार केला, डबा पुढं केला. त्या जरा गोंधळल्या, पण डबा घेतला.

"बेळगावचे का तुम्ही? बरं झालं. आमच्या ह्यांना जोळदरोट्टी लागते. जमते ना?"

जोळदरोट्टी म्हणजे आपली ज्वारीची भाकरी. मी म्हटलं, "जमते की, अक्का."

"मग करून दाखवा. सोबत पिठलं करा. खारट नको, तिखट स्वल्प कमी."

तुमच्या डोक्यात आत्ता जे आलं, ते माझ्या डोक्यात यायला नको होतं का? पण मी सरांच्या घराला रंग दिलेला माणूस. मला वाटलं, शहरात लसूण सोलून भागत नसेल, इथं अख्खं जेवण करावं लागत असेल. स्पर्धाच तेवढी आहे. लावला की एप्रन.

मी पीठ मळत होतो, तशी अक्कांनी चौकशी सुरू केली. आधी कुठं होतात? बेळगावला, एका कॉलेजात. का सोडलं? तिथं पुढं काही वाव नाही, अक्का. "सरी, सरी," म्हणजे बरं बरं म्हणाल्या, आणि कांदा चिरायला दिला.

सर आले. मी पिठाच्या हातानंच त्यांच्या पायावर. सर दोन पावलं मागं सरकले. बिचाऱ्यांच्या पँटवर पिठाचा पंजा उमटला. ते जेवायला बसले, अर्धी भाकरी खाल्ली आणि उठले. मी भांडी विसळली, ओटा पुसला. निघताना अक्का म्हणाल्या, "कळवते."

मी खूश. म्हटलं, अर्धी ॲडमिशन झाली.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून कॉलेजात गेलो. मुलाखतीच्या दाराबाहेर नोटीस होती. मुलाखत घेणाऱ्यांशी कुणी आधी संपर्क साधला, तर त्याचा अर्ज बाद. डोळ्यांपुढं खताच्या दुकानातला गल्ला दिसायला लागला. आणि तेवढ्यात माझंच नाव पुकारलं.

आत गेलो. हेगडे सरांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं, मग खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. गेटवरचा माझा फोटो. हातात कुंदा, चेहरा हसरा.

"हे तुम्हीच का?"

"होय सर."

"तुम्ही गेलात आणि एजन्सीचा खरा स्वयंपाकी आला. रिंग रोडला ट्रॅफिकमध्ये अडकला होता. मग तुम्ही कोण? माझ्या बायकोनं घरातली भांडी मोजली. गुंगीचं औषध असेल म्हणून तुमचा कुंदा फेकून दिला."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सगळं खरं सांगून टाकलं. अण्णा, ओळख, पाया पडणं, रंग, सगळं. शेजारच्या मॅडमनी विचारलं, "मग अर्जाबद्दल यांच्याशी काय बोललात?"

"काहीच नाही, मॅडम. बोलणार होतो, पण भाकरी करपत होती."

मॅडम फायलीआड तोंड लपवून हसल्या. सर मात्र हसले नाहीत. ते उठले. "याचा हेतू चुकीचा होता, पण लबाड नाहीये मुलगा. अर्ज बाद करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी याला मार्क देणार नाही." आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

पुढचा तासभर त्या दोघांनी मला असा पिळून काढला की विचारू नका. पण विषय माझ्या आवडीचा होता, मी उत्तरं देत गेलो. संध्याकाळी जागा मला मिळाली.

खरं सांगू? सरांनी त्या दिवशी मला हाकललं असतं, तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. ते दाराबाहेर उभे राहिले म्हणून मी आज इलेक्ट्रॉनिक सिटीत आकड्यांवर पोट भरतोय. पुढं सर आणि अक्काच मला दर सणाला घरी जेवायला बोलवायची. परक्या गावात असं घर मिळायला नशीब लागतं. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पास झाल्यावर पेढे घेऊन गेलो, तेव्हा धीर करून विचारलं, "अक्का, त्या दिवशी कळवते म्हणालात, ते राहूनच गेलं."

अक्कांनी पेढा तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाल्या, "काय कळवणार? कॉलेजनं घेतलं तुला, चांगलं झालं. मी नसतं घेतलं."