माझ्याच अक्षरातलं खोटं नाव

महापुराचं पाणी उतरल्यावर आम्ही क्लबची खोली उघडली. खोली नदीच्या अंगाला आहे. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ उमटली होती. चषक मात्र सगळे सुखरूप होते. पाणी चढतंय म्हटल्यावर कार्यकर्त्यांनी ते पोत्यात भरून माळ्यावर नेले होते. मुलामा उडालेले, कान तुटलेलेसुद्धा नेले होते. आणि ते चषक कुणी, कसे जिंकले हे ज्या वह्यांत लिहिलंय, त्या स्कोअरबुकांचं लोखंडी कपाट तसंच खाली होतं. दार ओढलं तर आतून गाळ घसरत बाहेर आला.

"एवढी भांडी वर नेलीत, मग ह्या वह्या न्यायला हात मोडले होते काय?" मी ओरडलो.

"काका, रद्दी हाय की ती," एक जण म्हणाला.

मी त्या क्लबचा स्कोअरर होतो. कॉलेजात असताना मैदानाच्या कडेला टेबल टाकून बसलो तो केस पांढरे होईपर्यंत बसलो. पोटासाठी जमिनींच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत कारकुनी केली, रविवारी धावांच्या नोंदी केल्या. आमच्या गावात माणसं कुस्तीसाठी जीव टाकतात, फुटबॉलसाठी पेठापेठांत भांडतात. क्रिकेट आपलं कुठंतरी कोपऱ्यात. त्यात पुन्हा खेळणाऱ्याचं कौतुक होतं, लिहिणाऱ्याला उन्हात कोण विचारतंय! त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं. पण रद्दी हा शब्द डोक्यात गेला. एका रिक्षात सगळ्या वह्या भरून मी घरी आणल्या.

महिनाभर घरात चिखलाचा वास होता. कॉटवर, गॅलरीत, शिलाई मशीनवर वह्या उघड्या पडलेल्या. पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालायचे, पंखा लावायचा, तुकडे ओले झाले की बदलायचे. बायको सुरुवातीला चिडली, नंतर तीच पानं सुटी करायला बसायला लागली. शाईनं लिहिलेलं पसरून निळे ढग झाले होते. पेन्सिलीनं लिहिलेलं मात्र जसंच्या तसं होतं. माझा पेन्सिलीचा हट्ट असायचा म्हणून पोरं मला हसायची. आता हसा म्हणावं.

त्याच सुमाराला क्लबच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे आमचा जुना कॅप्टन. क्लबला पन्नास वर्षं होत होती, स्मरणिका काढायची होती. "तुझ्याकडंच हाईत न्हवं वह्या? सगळं रेकॉर्ड काढ. कुणाच्या किती धावा, कुणाच्या किती विकेटी. चांगलं पंचवीस पानांचं कर."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू! मी तक्ते आखले, एकेक सामना उतरवायला घेतला. आणि एका दुपारी ते पान समोर आलं.

जिल्ह्याच्या स्पर्धेची अंतिम मॅच. आमच्या क्लबनं जिंकलेला सगळ्यात मोठा कप. आमच्या एका लेगस्पिनरच्या नावावर सात विकेटी. क्लबच्या इतिहासात एवढ्या कुणीच घेतल्या नाहीत. अक्षर माझं, पेन्सिल माझी. आणि नाव खोटं.

तो लेगस्पिनर त्या दिवशी मैदानावर नव्हताच. बेळगावला मामेबहिणीच्या लग्नाला गेलता. स्पर्धेला खेळाडूंची यादी आधी द्यावी लागायची, ऐन वेळी नाव बदलता येत नव्हतं. आमच्या कॅप्टननं मग हुपरीचा एक पोरगा आणला. चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडणारा, सकाळच्या एसटीनं आलेला, पायात कुणाचे तरी मागून आणलेले बूट. कॅप्टन टेबलापाशी आला आणि माझ्या कानाला लागून म्हणाला, "नाव यादीतलंच लिही. गप लिही." शेजारी समोरच्या संघाचा स्कोअरर बसला होता. मी मान खाली घातली आणि लिहिलं.

त्या पोरानं काय बॉल टाकले! चांदीची तार ओढून ओढून बोटं अशी झालेली की मॅटवर पडलेला चेंडू साप वळावा तसा वळायचा. तो विकेट घेत होता आणि मी दुसऱ्याच्या नावापुढं लिहीत होतो. संध्याकाळी कप आला, मिरवणूक निघाली. तो एसटी पकडायला निघून गेला होता. मी सगळं विसरलो. म्हणजे विसरलो असं स्वतःला सांगत राहिलो.

आता हे पान स्मरणिकेत जाणार होतं, आणि नुसतं पान नाही. ज्याचं नाव होतं तो आता कागलच्या एमआयडीसीत कारखानदार झालाय. मैदानाला नवा धावफलक तोच देणार होता. त्या सात विकेटींबद्दल महोत्सवात त्याचा सत्कार ठरला होता.

मी आधी त्याच्याकडंच गेलो. म्हटलं, सरळ माणूस होता, सांगितलं तर ऐकेल. कारखान्याच्या केबिनमध्ये बसल्यावर तोंडातून आपोआप "तुम्ही" निघालं, त्याचासुद्धा मला राग आला.

"त्या दिवशी तुम्ही लग्नात होता," मी म्हणालो.

तो हसला. "व्हय की. पंगतीत बुंदी वाढत होतो. पण खरं सांगू? इतकी वर्षं लोक म्हणत आलेत, तू सात जण काढलेस. पोरांना सांगितलं, जावयाला सांगितलं. आता मलाच वाटतं मीच काढले." मग टेबलावर बोट आपटत म्हणाला, "आणि कुणी विचारलं तर मी तुझं स्कोअरबुक दाखवतो की. तूच लिहिलंयस."

चहा तसाच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी हुपरीला गेलो. चार ठिकाणी चौकशी केल्यावर घर सापडलं. पुढच्या खोलीत कामाला बसायच्या बैठका, कोपऱ्यात तार ओढायचं जुनं यंत्र. तो भिंतीला टेकून बसला होता. नजर अधू झालेली, त्यामुळं बारीक काम सुटलेलं. त्याची मुलगी नुकतीच कामावरून आली होती. तिशी ओलांडलेली, गळ्यात कुठल्याशा कारखान्याचं ओळखपत्र.

"कोण पावणं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. कुठला क्लब, कुठली मॅच. त्यानं आवाजाच्या रोखानं मान वळवली. मग म्हणाला, "स्कोअर लिवणारा. टेबलावर छत्री धरून बसलावतासा."

"होय."

"सात लिवल्यासा न्हवं?"

"सात."

"आठ हुत्या!" त्याचा आवाज एकदम चढला. "शेवटचा गडी. फलंदाजानं सरळ मारला, माझ्या बोटाला लागून बॉल माझ्याकडच्या यष्टीवर गेला. तिथला गडी क्रीज सोडून हुता. बोट माझं लागलंतं की!"

स्कोअररची सवय जात नाही. मी पटकन म्हणालो, "तो रनआऊट धरतात. नियमानं ती विकेट बॉलरला मिळत नाही."

"नियम?" तो ताठ बसला. "दुसऱ्याच्या नावावर मला खेळवलासा, आन् तुमी मला नियम सांगताय?"

मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबली होती. तिनं बापाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "अप्पा क्रिकेट खेळत होते? आम्हाला कधी बोलले नाहीत." आणि मग अगदी हळू, "दुसऱ्याचं नाव लिहिणारे तुम्हीच का?"

"मीच," मी म्हणालो.

तिनं तांब्या माझ्यापुढं ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग त्यानं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी तो क्लबकडं आला होता, रीतसर नाव नोंदवायला. कॅप्टननं त्याला बाजूला घेतलं. "तुमचा कप्तान म्हणाला, तुला आता खऱ्या नावानं उतरवलं तर लोक वळखतील. मागचा कप काढून घेतील. तू येऊ नगंस. मी म्हणालो, मग दुसऱ्या कुठल्या क्लबात जातो. तर म्हणाला, जिल्ह्यात कुठंच खेळू नगंस, आमची अब्रू जाईल."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं. इसाव्या वर्षी कोण न्हाय ऐकत कप्तानाचं?"

तो ज्या दिवशी आला होता तो दिवस मला आठवला. मी टेबलावर रेघा आखत होतो. तो फाटकापाशी पिशवी घेऊन उभा होता. मी हात केला होता. मला वाटलं मॅच बघायला आलाय. कपापायी आम्ही त्याचं नाव तर खाल्लंच, वर त्याचा खेळही खाल्ला. तोही त्याच्या सगळ्यात चांगल्या दिवसाची शिक्षा म्हणून.

दिवस कलत आला तशी मुलगी म्हणाली, "अप्पा, जेवून घ्या, सूर्य बुडायच्या आत." मला कुणी थांबा म्हणालं नाही. तेही बरोबरच होतं.

दोन दिवसांनी क्लबची बैठक होती. वही काखेत मारून गेलो. सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. काही जण खाली बघायला लागले, काहींनी मोबाईल काढले. अध्यक्ष मात्र शांत होते.

"लेका, आता कशाला उकरतोस? कप काय परत मागणार हाय कोण? पण हसं हुईल की आपलं. सत्काराचा फलक रंगवून झालाय, पावण्यांना पत्रिका गेल्यात."

"फलकावर खोटं नाव आहे."

"वहीत पण तेच हाय. तूच लिवलंयस."

दुसऱ्यांदा तेच ऐकत होतो. मग मला राहवलं नाही. आमच्या कचेरीत चुकीची नोंद खोडत नाहीत. जुन्या नावाला कंस करतात आणि बाजूला खरं नाव, कारण आणि सही घालतात. जुनं वाचता आलं पाहिजे, म्हणजे कोण काय चुकलं तेही दिसतं. मी वही टेबलावर उघडली, त्या नावाला कंस केला आणि शेजारी हुपरीच्या त्या माणसाचं पूर्ण नाव लिहिलं. खाली कारण लिहिलं: 'यादीत नाव नसल्यामुळे कॅप्टनच्या सांगण्यावरून व माझ्या भित्रेपणामुळे खोटी नोंद झाली.' सही केली, तारीख घातली. तेवढ्यात अध्यक्ष उठले आणि वही ओढायला लागले.

"रेकॉर्ड खराब केलंस!" ते ओरडले. "क्लबची वही हाय ही!"

"गाळात पडली होती तेव्हा कुणाची होती?" मीही तेवढ्याच आवाजात ओरडलो. साठी उलटलेली दोन माणसं एका वहीची दोन टोकं धरून ओढतायत, आणि बाकीचे "सोडा, सोडा" म्हणतायत. आज सांगताना हसू येईल कुणाला. मला अजून येत नाही.

सत्कार झाला. मी गेलो नाही. स्मरणिकेत सात विकेटी कारखानदाराच्याच नावावर छापल्या आणि रेकॉर्ड संकलक म्हणून खाली माझं नाव घातलं. मी नको म्हणून लेखी कळवलं होतं तरी. हे मला सगळ्यात जास्त लागलं. एकदा भीतीनं खोटं लिहिलं होतं, ते माझं पाप. दुसऱ्यांदा माझ्या तोंडून त्यांनी वदवलं.

क्लबनं वह्या परत मागितल्या, मी दिल्या. नंतर कुणीतरी सांगितलं की त्या पानावरच्या माझ्या नोंदीवर कोरा कागद चिकटवलाय. चिकटवू देत. देण्याआधी मी प्रत्येक पानाचे फोटो काढले होते. छापून तीन प्रती बांधून घेतल्या. एक पेठेतल्या वाचनालयात दिली, एक माझ्याकडं ठेवली. तिसरी घेऊन पुन्हा हुपरीला गेलो.

त्यानं ती हातात घेतली नाही. "ठेवा तितं," म्हणाला. मुलीनं घेतली. पान उघडून तिनं बराच वेळ पाहिलं. "हे टिंब म्हणजे काय?"

मी तिच्या शेजारी बसलो आणि सांगायला लागलो. टिंब म्हणजे धाव नाही. आकडा म्हणजे तेवढ्या धावा. फुली म्हणजे गडी बाद. एका चौकोनात सहा चेंडू, म्हणजे एक षटक. ती बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. "टिंब, टिंब, एक, टिंब, फुली..."

"त्यो उंच टाकलता," भिंतीकडून आवाज आला. "पुढं आला आन् फसला."

तिनं वर पाहिलं नाही. पुढचा चौकोन वाचला. त्यानं त्याचंही सांगितलं, आणि त्याच्या पुढच्याचंही. मी बाजूला सरकलो. त्या दोघांत माझं काही काम नव्हतं. चप्पल घालून निघालो तेव्हा त्यांचं नववं षटक चाललं होतं, आणि स्टँडपर्यंत चालताना क्लबवरचा आणि स्वतःवरचा माझा राग तसाच होता.