वासाचा रकाना

माझ्या मामांच्या नाकाइतकी चोख माहितीयंत्रणा अकोल्याच्या धान्यबाजारात दुसरी नव्हती, आणि हे मी भाचीच्या मायेने नव्हे, अनुभवाने लिहिते आहे. त्यांच्या ठोक डाळीच्या दुकानात गादीमागच्या भिंतीवर ओळीने खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर मलमलीच्या चिमुकल्या पुरचुंड्या. प्रत्येकीत आलेल्या मालाची मूठभर वानगी. लाल दोरा अचलपूरचा, निळा मूर्तिजापूरचा, पिवळा परतवाड्याचा. दोऱ्याला जितक्या गाठी, तितके आठवडे माल गोदामात. कोणता माल आधी काढायचा, कोणता राखायचा, कोणत्या गिऱ्हाइकाला कोणती तूर मानवेल, हे सारे मामा पुरचुंडी हुंगून ठरवत. दोऱ्याकडे पाहणे त्यांना कमीपणाचे वाटे. "ज्याले नाक नाही, त्याच्यासाठी दोरा," असे ते म्हणत.

दुकानाबाहेरही हे नाक स्वस्थ नसे. नवी छत्री, लग्नपत्रिका, पाहुण्याची पिशवी, काहीही हुंगल्याशिवाय घरात येत नसे. माझे लग्न ठरवायला मामा अमरावतीला गेले, तेव्हा मुलाची नोकरी, पगार, शिक्षण यांपैकी काहीही न विचारता त्यांनी वरणाची वाटी नाकाशी नेली आणि भरल्या बैठकीत निकाल दिला, "डाळ दोन वर्सं जुनी हाय, पन जपून ठेवेल हाय. पोरगी देऊन टाका." आजवर तो निकाल चुकलेला नाही.

मग माझी मामेबहीण पुण्याहून व्यवस्थापनाची पदवी घेऊन आली आणि गादीशेजारी संगणक विराजमान झाला. मामांनी तो अर्थातच हुंगला. "नव्या चपलेसारका वास येऊन राहिला. याले तूर कयते का?"

"नाही कळत, बाबा. पण तुम्ही परगावी गेले का दुकानाचं नाकही परगावी जाते."

"मी जातो कुठं?" मामा म्हणाले, आणि वाद मिटला.

गेल्या हिवाळ्यात मामांना मोठा ताप आला. उठल्यावर ते नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात निकाल देऊ लागले, एवढाच काय तो फरक. मी माहेरपणाला गेले होते. मला लहानपणीसारखी खोडी सुचली. मामींच्या डब्यातला ओवा मी पुरचुंडीत बांधला आणि त्यावर निळा दोरा, दोन गाठी. मामांनी ती नाकाशी धरली, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. मग एक डोळा जरासा उघडला आणि दोऱ्यावर जाऊन आला.

"मूर्तिजापूर. दोन हप्ते. खडखडीत तूर."

ओव्याचा तो तिखट, हिरवा दर्प हातभर अंतरावरून माझ्या घशात उतरला होता. मी हसायला उघडलेले तोंड तसेच राहिले. मामांनी माझ्याकडे पाहिले, गाठ सोडली, तळहातावर ओवा पसरला.

"तापापासून, माय," ते म्हणाले. "काईच येत नाही."

शेजारची कळफलकाची टकटक थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आपण होऊन संगणकासमोर बसले. बहिणीने गाव, तारीख, ओलावा, गिऱ्हाईक असे रकाने दाखवले. "वासाचा रकाना कुठं हाय?" त्यांनी विचारले. तिने तो लगेच घातला. तेव्हापासून चाळीस वर्षांचे वास मामा आठवून आठवून सांगत आहेत, आणि शब्द अडला की अमरावतीला माझा फोन वाजतो.

"तू कविता करते ना? कोवळ्या हरबऱ्याले काय लिहू? हे पोरगी नुसतं 'चांगला' लिहून राहिली!"

"ओल्या पाट्याचा गारवा, मामा."

"ओला पाटा! लिही वं, लिही!"

आता कोणता माल आधी काढायचा हे संगणक सांगतो, आणि बहीण म्हणते, बरोबर सांगतो. पुरचुंड्या मात्र अजून खुंटीवर आहेत. परवा मी गेले, तेव्हा मामांनी डोळे मिटून एक ओढली, दोरा मुठीत झाकला आणि माझ्यापुढे धरली. "सांग."

मी हुंगले. उन्हात तापलेली चटई, मी म्हणाले, मागाहून थोडा गूळ, अगदी शेवटी काहीतरी कडसर.

मामा डोळे मिटूनच ऐकत होते. "अचलपूर," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी मूठ उघडली.

दोरा लाल होता.