झेंडूआडचा कॅमेरा

दसऱ्याच्या सकाळी लेकीचा फोन वाजला. ती दुकानांमध्ये कॅमेरे बसवते. पलीकडे बाजारातले भांडीवाले काका होते. "ताई, कॅमेरा बिघडला. सगळं केशरीच दिसतंय!"

तिने घरबसल्या मोबाईलवर त्यांचं दुकान उघडलं. मीही डोकावले. पंख्याच्या वाऱ्याने थरथरणाऱ्या झेंडूच्या पाकळ्या, बाकी काही नाही.

"काका, कॅमेऱ्याला हार घातलात ना?"

"मग! तराजूला घातला, त्याला नको?"

ज्याच्या जोरावर घर चालतं, त्याच्यापुढे आपण दसऱ्याला वाकतो. माझी आई शिलाई मशीनला हळदकुंकू वाहायची, सासरे करवतीला. त्या मानाच्या रांगेत आता हा कॅमेराही जाऊन बसला, आणि तो माझ्या लेकीने शिडीवर चढून लावलेला. 'पोरीच्या जातीला शिडी कशाला?' असं विचारणाऱ्यांना आज हे दाखवायला हवं होतं.

"हार काढू नका, काका. नुसता वर सरकवा."

पाकळ्या हलल्या, दुकान दिसू लागलं. काकांनी खाली उभं राहून कॅमेऱ्याला हात जोडले. इकडे पडद्यावर ते थेट माझ्या लेकीलाच जोडलेले दिसत होते.

ती संकोचली. "चित्र स्वच्छ येतंय, काका," एवढंच म्हणाली.