डाव्या हाताचा चहा

अल मुंतझातल्या चहाच्या दुकानात तो धिप्पाड फिजीयन रोज यायचा आणि कप डाव्या हातानं घ्यायचा. इथे आखातात तो उद्धटपणा समजतात. जवळच्या जिममध्ये तो शिकवायचा. तिथल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्यावर जिमच्या मॅनेजरनं बजावलं होतं, पुन्हा डावा हात पुढे केलास तर नोकरी खलास.

"उजवा उचलत नाही, असं सांग की त्यांना," मी म्हणालो.

"मग मला जिममध्ये ठेवतील कशाला, भाई?" तो त्याच्या फिजीतल्या हिंदीत म्हणाला.

तो पूर्वी रग्बी लीगचा फॉरवर्ड होता. चेंडू छातीशी धरून समोरच्यांवर खांदा आपटायचा, वाट करायची. गुण मागचे चपळ गडी मिळवत. खांदा सुजला की क्लबचा डॉक्टर सुई टोचून पुन्हा मैदानात ढकलायचा. खांदा कायमचा गेला, तसा करारही गेला. माणसाचा हात खाऊन ढेकर देणाऱ्या त्या क्लबला मात्र कुणी उद्धट म्हणत नाही.

पुढच्या आठवड्यात त्यानं डाव्या हातानं उजवं कोपर वर ढकलत उजव्या हातात कप घेतला. ओठ घट्ट मिटलेले होते.

"शिकला बघा अदब शेवटी," दुकानवाले रत्नागिरीचे चाचा खूश होऊन म्हणाले.